अक्षदाची ऑर्डर

लवू परबाला आजोबांचं नाव ठेवलं होतं. शाळेत पोरं त्यावरून चिडवायची. नोकरी लागल्यावर साहेब विचारायचे, "परब, पूर्ण नाव काय?" तो म्हणायचा, "हेच पूर्ण." नावाचा त्याला कधी राग आला नाही. राग यायला लागला तो चाळिशी जवळ आल्यावर, आणि तोही बायकोचा.

लालबागच्या मागच्या अंगाला, उंच भिंतीआड, वीज कंपनीचं एक जुनं रिसिव्हिंग स्टेशन होतं. शहराबाहेरून मोठ्या दाबाने येणारी वीज तिथे उतरवायची आणि वेगवेगळ्या फीडरांवरून, म्हणजे एकेका भागाकडे जाणाऱ्या लाइनींवरून, परळ, चिंचपोकळी, डिलाईल रोड अशी वाटून द्यायची. लवू तिथला शिफ्ट ऑपरेटर. त्याचे वडील गणपत गिरणीत होते. गिरणीचा भोंगा थांबला तेव्हा त्यांनी पोराला एकच गोष्ट सांगितली होती, "गिरण बंद पडता, लाईट नाय बंद पडणा. तू लायटीत शिर." लवू डिप्लोमा करून लायटीत शिरला तो शिरलाच. कुठल्या ट्रान्सफॉर्मरची घरघर कधी बदलते, कुठलं पॅनेल पावसाळ्यात घाम धरतं, हे त्याला घरच्या माणसासारखं माहीत होतं.

अक्षदा ट्रेनी म्हणून आली ती त्याच्याच हाताखाली. चिंचपोकळीची मुलगी, बोलणं तोडून टाकल्यासारखं, नजर सतत मीटरवर. लवूने तिला रबरी मॅटवर उभं राहायला शिकवलं, आधी सप्लाय बंद आहे ना ते तपासून मग अर्थिंगचा दांडा लावायला शिकवलं. पहिल्यांदा ब्रेकर उघडताना दाणकन आवाज झाला तेव्हा ती जागची हलली नाही, नुसती डोळे मिटून उभी राहिली. लवू म्हणाला, "डोळे उघडे ठेव. मिटलेस तर काय झालं ते कळणार कसं?" दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं. डिलाईल रोडच्या चाळीत, लवूची आई शेवंती, हे दोघं आणि पुढे झालेली मुलगी मनू, असा संसार चालू झाला.

मग कंपनीने कंट्रोल रूमसाठी आतल्या लोकांची परीक्षा काढली.

कंट्रोल रूम म्हणजे सगळ्या स्टेशनांच्या डोक्यावरची जागा. शहराला या घडीला किती वीज लागते, बाहेरून किती येते, खाडीकाठच्या केंद्रात किती तयार होते, घाटाखाली पाण्यावर किती काढता येईल, हा सगळा हिशेब तिथे बसलेली माणसं मिनिटामिनिटाला जुळवत असतात. वीज काही हंड्यात भरून ठेवता येत नाही. लागते तेवढीच आणि लागते तेव्हाच तयार व्हावी लागते. थोडी कमी पडली तर सगळी यंत्रणा मान टाकायला लागते. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, टॉवरखाली मॉल आले, आणि ज्या चाळींत एक पंखा आणि एक ट्यूब असायची तिथे दर दोन खोल्यांआड एसी लागला. मागच्या उन्हाळ्याचा विक्रम या उन्हाळ्यात मोडायचाच, हे आता ठरूनच गेलं होतं. कंपनीला माणसं हवी होती.

लवू म्हणाला, "तू पण फॉर्म भर. दोघं बसलो तर माझाही अभ्यास होईल."

अभ्यास दोघांचा झाला. पास अक्षदा झाली.

लवूचं लेखी चांगलं गेलं होतं. अडला तो सिम्युलेटरवर. पडद्यावर शहर होतं, लाइनी होत्या, आणि एकेक करून त्या पडत होत्या. लवू सगळं वाचवायला गेला. इथला लोड तिथे, तिथला इथे असं करता करता पडद्यावरची अख्खी मुंबई काळी पडली. अक्षदाने पहिल्या झटक्याला दोन भाग अंधारात सोडून दिले आणि उरलेलं शहर उभं ठेवलं. पुढच्या वर्षी लवू पुन्हा बसला आणि पुन्हा तिथेच अडला. तिसऱ्यांदा त्याने फॉर्म भरला नाही.

ती पास झाली तेव्हा पेढे त्यानेच आणले होते. चाळीत वाटलेही त्यानेच. शेजारणी म्हणाल्या, "नशीबवान आहेस गं अक्षदा, असा नवरा मिळाला." तो हसला. ते हसू घरी येईपर्यंत टिकलं नाही.

आता रोज असं व्हायचं. स्टेशनवरचा लाल फोन वाजायचा, लवू उचलायचा, आणि पलीकडून आवाज यायचा, "लालबाग, कंट्रोल रूममधून अक्षदा परब." सकाळी जिने त्याला "लवू, दूध उतू जातंय, बघ ना जरा" म्हटलेलं असायचं, तीच दुपारी म्हणायची, "तीन नंबर फीडर चालू करा." तो म्हणायचा, "तीन नंबर फीडर चालू करतो." ती म्हणायची, "बरोबर." नियमच तसा होता. ऑर्डर ऐकायची, शब्द न् शब्द परत म्हणायची, पलीकडून "बरोबर" आलं की मगच हात हलवायचा. सगळं बोलणं रेकॉर्ड व्हायचं. नियमात चूक काहीच नव्हती. पण ते "बरोबर" लवूच्या कानात शाळामास्तरणीसारखं घुसायचं. जिला मी अर्थिंगचा दांडा धरायला शिकवलं, ती मला बरोबर म्हणते!

त्यात तो डॅरेन.

डॅरेन खोताच्या वाडीतला. कंट्रोल रूममध्ये अक्षदाचा सीनियर, तिला डेस्कवर तयार करणारा. लवूने त्याला पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. फोनवर अक्षदा बोलत असताना मागे कुणीतरी खर्जात हसायचं. घरी जेवताना अक्षदा म्हणायची, "डॅरेन म्हणतो, संध्याकाळचा लोड आता संध्याकाळी चढतच नाही, दुपारीच चढून बसतो." लवू भाताचा घास तसाच धरून ठेवायचा. डॅरेन म्हणतो, डॅरेनला वाटतं, डॅरेनने सांगितलं. हाच लोड लवूच्या मीटरवर चढत होता, पण लवू काय म्हणतो ते विचारायला कुणी येत नव्हतं.

एकदा घासायला म्हणून तिचा डबा उघडला तर त्याला वेगळाच वास आला. ख्रिस्ती घरांतल्या बॉटल मसाल्याचा.

"हे काय?"

"डॅरेनच्या आईने पापलेटाचं कालवण पाठवलं होतं, फ्लॉरेन्स आंटीने. सगळ्या शिफ्टला. थोडं उरलं ते आईंना आणलंय."

शेवंतीने बोट बुडवून चाखलं. "मसालो बरो भाजल्यान हा गो. तिका इचार, त्यात काय काय घालता ता."

आपल्या आईने, जिला मालवणी मसाल्यापुढे जगात मसाला नाही, तिने असं म्हणावं? लवू त्या रात्री फक्त दहीभात जेवला.

माणूस आतून जळायला लागला की छोट्या छोट्या खोड्या काढतो. लवूनेही काढल्या. ऑर्डर ऐकू आली तरी म्हणायचा, "पुन्हा सांगा." ती पुन्हा सांगायची, न चिडता, त्याच सुरात, त्यामुळे तो आणखी चिडायचा. चहाच्या टपरीवर एकदा कुणीतरी म्हणालं, "वहिनी लई पुढे गेल्या." लवू बोलून गेला, "लेडीज म्हणून घेतात रे, तिथे बायका दाखवायला लागतात." बोलल्याबरोबर त्याला कळलं की हे खोटं आहे. पण टपरीवरचे हसले, आणि ते हसणं त्याला दिवसभर बरं वाटत राहिलं.

घरात मनू तर सरळच विचारायची, "बाबा, आईने सांगितलं की तुम्ही पूर्ण लालबागची लाईट घालवता?"

"मी माझ्या अकलेनेही घालवतो," लवू म्हणाला. मनूला ते फार विनोदी वाटलं.

शेवंती मात्र हसली नाही. ती लेकाकडे बघत म्हणाली, "लवू, तुका पोटात दुकता ता माका दिसता. ओवो खाऊन बरा होणारा नाय ह्या."

तो ऑक्टोबर असा तापला की माणसं मे महिना बरा म्हणायला लागली. वारा नाही, ढग नाही, हवेत नुसता चिकट उबारा. त्या दिवशी दुपारी ऑफिसं भरलेली, मॉल भरलेले, आणि लवूच्या स्टेशनातल्या ट्रान्सफॉर्मरचे पंखे सकाळपासून थांबले नव्हते. लवू पॅनेलसमोर उभा होता. त्याचा जोडीदार जेवायला गेला होता.

शहरात बाहेरून येणाऱ्या दोन मोठ्या लाइनींपैकी एक दुपारी अचानक ट्रिप झाली, आपोआप बंद पडली. खाडीपलीकडे कुठेतरी लाइनीखालचं गवत पेटलं होतं, हे नंतर कळलं. त्या क्षणी लवूला एवढंच दिसलं की दिवे एकदा मंद झाले आणि पुन्हा सावरले. काय झालं असेल ते त्याने ओळखलं. एका लाइनीचं ओझं दुसरीवर पडलं होतं, आणि दुसरी ते फार वेळ सोसणार नव्हती.

कंट्रोल रूममध्ये तोवर अक्षदाने काय काय केलं होतं, ते लवूला दिसत नव्हतं. तिने घाटाखालच्या पाण्याच्या केंद्राला मशीनं चढवायला सांगितली होती, पण पाणी सोडून मशीन पूर्ण चालायला काही मिनिटं लागतातच. मॉलना आणि मोठ्या ऑफिसांना फोन गेले होते, "एसीचे प्लांट बंद करा, आत्ता." त्यांनी केलेही होते, करारच होता तसा. एवढं करूनही ओझं जास्तच होत होतं. ते उतरवण्यासाठी चार स्टेशनांनी एकेक फीडर काही वेळ सोडून द्यायचा, असं तिने ठरवलं. तीन स्टेशनांना ऑर्डर देऊन झाली. चौथं लालबाग.

लाल फोन वाजला.

"लालबाग, कंट्रोल रूममधून अक्षदा परब. सात नंबर फीडर ऑफ करा."

सात नंबर म्हणजे डिलाईल रोडच्या चाळी. त्यांची स्वतःची चाळ. आई दुपारची पंख्याखाली पडली असेल, मनू शाळेतून आली असेल. आणि इकडे चार नंबरवर टॉवर आणि मॉल. लवूच्या डोक्यात एकदम उकळी फुटली. टॉवरवाल्यांना गारवा आणि चाळीला घाम? आणि हे ठरवणार कोण, तर चाळीचीच सून?

"चार नंबर का नाही?" त्याने विचारलं.

"लालबाग, सात नंबर फीडर ऑफ करा. परत म्हणा."

"मी इथे पंधरा वर्षं उभा आहे. चार नंबर सोडला तर जास्त लोड उतरेल. सात का?"

"लालबाग, वेळ नाहीये. सात नंबर. परत म्हणा."

आणि मग लवू ते वाक्य बोलला. "फोन डॅरेनला द्या. मला त्यांच्याकडून ऑर्डर हवी."

पलीकडून अक्षदा म्हणाली, "डॅरेन आज रजेवर आहे, लालबाग. डेस्क माझं आहे. ऑर्डर माझी आहे."

लवूचा हात सात नंबरच्या मुठीकडे गेला. "सात नंबर फीडर..." एवढं तो म्हणाला असेल नसेल, तोच स्टेशनातला सगळा आवाज एकदम थांबला. पंखे थांबले, ट्रान्सफॉर्मरची घरघर थांबली. दुसरी लाइन गेली होती. बॅटरीवरचे लाल दिवे तेवढे पेटले, आणि इतकी शांतता झाली की भिंतीपलीकडच्या रस्त्यावर कुणीतरी "अरे लाईट गेली" म्हणालेलं लवूला स्वच्छ ऐकू आलं.

एकटं लालबाग गेलं नव्हतं. परळ गेलं, दादरचा अर्धा भाग गेला, खाली गिरगावापर्यंत गेलं. लिफ्टमध्ये माणसं अडकली, सिग्नल बंद पडले, हॉस्पिटलं जनरेटरवर गेली.

लवूने चार नंबरच्या मीटरकडे आता पाहिलं. मेलेलाच होता तो. पण त्याच्या शेजारी छोट्या पडद्यावर मागच्या काही मिनिटांची रेघ अजून दिसत होती. वीज जायच्या बऱ्याच आधी चार नंबरची रेघ खाली उतरली होती. मॉलने एसी बंद केले तेव्हाच. म्हणजे चार नंबरवर सोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वळून बघितलं असतं तर दिसलं असतं. लवूने वळून बघितलं नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. तोच आवाज, तितकाच सरळ.

"लालबाग, सगळे फीडर ऑफ करा आणि कळवा. आपण एकेक करून उठवणार आहोत."

"सगळे फीडर ऑफ करतो."

"बरोबर."

पुढचा पाऊण-एक तास लवू नुसता हात झाला होता. खाडीकाठचं केंद्र शहराच्या उरलेल्या भागासकट तग धरून होतं, तिथून घोट घोट वीज आणायची होती. एकदम फीडर जोडले असते तर बंद पडलेले सगळे एसी, पंप, लिफ्टा एकाच वेळी तोंड उघडून बसले असते आणि पुन्हा सगळं कोसळलं असतं. आधी हॉस्पिटलचा फीडर. मग पाण्याच्या पंपांचा. मग थांबा. मग पुढचा. अक्षदा एका वेळी पाच-सहा स्टेशनांशी बोलत होती, आणि कुठेही तिचा आवाज वर गेला नाही, शब्द अडखळला नाही. "लालबाग, सावकाश. मी आहे." हे असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. ते ती सगळ्याच स्टेशनांना म्हणत होती. परळच्या ऑपरेटरलाही म्हणाली असेल.

लवूला वाटलं होतं, ती घाबरेल. आत कुठेतरी, खूप आत, तिने घाबरावं असंही त्याला वाटलं होतं. ती घाबरली नाही. आपण या जागी असतो तर काय केलं असतं ते त्याला पक्कं माहीत होतं, सिम्युलेटरने दोनदा दाखवलं होतं. आणि हात फीडरवर असताना, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असताना, त्याला पहिल्यांदा कळलं की आपली जळजळ तिच्या खुर्चीसाठी नव्हती. ती इतकी चांगली होती, तेच सहन होत नव्हतं. हे कळल्याने जळजळ कमी झाली नाही. वाढली.

संध्याकाळी अक्षदा घरी आली तेव्हा चाळीत पंखे फिरत होते. शेवंती दारात बसून शेजारणीला सांगत होती, "लाईट गेली तर आमी दार उघडून बसलंव. त्यात काय ता येवढा?" सुनेचा चेहरा पाहून ती मनूला घेऊन शेजारी निघून गेली.

अक्षदाने चप्पल काढली, तोंड धुतलं आणि लवूसमोर उभी राहिली.

"मला शंका विचारायचा तुला हक्क होता," ती म्हणाली. "एकदा विचारलंस, ठीक. पण पुढे तू ऑर्डरवर नाही, माझ्यावर शंका घेतलीस. तू माझ्यावरचा माणूस मागितलास. पूर्ण रूमने ऐकलं, लवू."

"सात नंबर आपली चाळ होती."

"मला माहीत नाही? मी राहते इथे." तिचा आवाज आता मात्र फुटला. "आईंना उकडेल हे मला समजत नव्हतं? म्हणून मी दुसऱ्याची आई निवडायची?"

लवू म्हणाला, "रिपोर्टमध्ये काय लिहिणार आहेस?"

"झालं ते."

"म्हणजे माझं नाव."

"म्हणजे झालं ते," ती म्हणाली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली.

चौकशी मेघना मॅडमपुढे झाली. त्या सिस्टीम ऑपरेशनच्या प्रमुख. त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. "फोन डॅरेनला द्या," हे आपलंच वाक्य स्पीकरमधून ऐकताना लवूला कान बंद करून घ्यावेसे वाटले. आवाज रागीट असेल असं त्याला वाटत होतं. तो रागीट नव्हता. रडवेला होता, लहान पोराने दुसऱ्याचं खेळणं मागावं तसा.

मॅडमनी विचारलं, "मिसेस परब, परबांनी लगेच फीडर सोडला असता तर दुसरी लाइन वाचली असती?"

अक्षदा म्हणाली, "सांगता येत नाही मॅडम. कदाचित वाचली असती. कदाचित तरीही गेली असती, ओझं फार होतं. पण ऑर्डर पाळली गेली नाही, हे खरं आहे."

तिने त्याला वाचवलं नाही आणि बुडवलंही नाही. लवूने तिच्याकडे पाहिलं. ती मॅडमकडे बघत होती.

लवूला तीन महिने ऑपरेटिंगवरून काढून केबलच्या टोळीत टाकलं. शिवाय नवरा-बायको यापुढे एकाच डेस्कच्या दोन टोकांना नकोत, असा आदेश निघाला. गिरगावच्या, दादरच्या गल्ल्यांत खड्डे खणून जुन्या केबली काढायच्या, जाड केबली टाकायच्या, हे टोळीचं काम. पहिले काही दिवस लवूला लाज वाटली. मग कामाने लाज खाल्ली. पॅनेलवर जो लोड नुसती रेघ होता, तो इथे वास येईपर्यंत जवळ आला. करपलेलं इन्सुलेशन, तापलेले जोड. ज्या केबलीने एक घर चालायचं तिच्यावर पाच एसी. गल्लीतली माणसं येऊन विचारायची, "दादा, कधी येणार लाईट?" आणि लवू त्यांना तोंडावर उत्तर द्यायचा. स्टेशनच्या भिंतीआड त्याला कधी कुणी काही विचारलं नव्हतं.

शिक्षेचा शेवटचा भाग म्हणून त्याला एक पूर्ण शिफ्ट कंट्रोल रूममध्ये बसायचं होतं. दादरची एक साधी इमारत. आत भिंतभर पडदा, त्यावर शहर, आणि मधोमध विजेच्या फ्रिक्वेन्सीचा एक आकडा जो पन्नासच्या आसपास सतत थरथरत होता. तो पन्नासपासून जास्त हलू द्यायचा नाही, हेच तिथल्या माणसांचं आयुष्य. अक्षदा पाठमोरी बसली होती. ती फार काही करत नव्हती. बघत होती. मध्येच फोन उचलून दोन शब्द बोलायची, मध्येच उद्याच्या हवामानाचा अंदाज पाहून ओठ चावायची. दुपारी लोड चढायला लागला तसा तिचा उजवा खांदा किंचित वर चढला आणि शिफ्ट संपेपर्यंत खाली आला नाही. घरी ती खांदा दुखतो म्हणून तेल लावायची, आणि लवू ते बघत असायचा.

आणि डॅरेन. लवूने मनात आशा धरली होती की तो टकला, पोट सुटलेला असेल. डॅरेन चांगला उंच होता, देखणा होता. त्याने उठून लवूचा हात हातात घेतला. "लवू ना? अक्षदा तुझ्याबद्दल सारखी सांगत असते. स्टेशन कसं ऐकायचं ते तूच शिकवलंस म्हणते." वर चांगलाही होता, हे तर आणखीच वाईट.

शिफ्ट सुटल्यावर दोघं चालत बाजाराकडे निघाले. दुकानाच्या बाकड्यावर बसून त्यांनी पियुष मागवलं. लवू ग्लासकडे बघत म्हणाला, "मी जळतो गं तुझ्यावर."

"माहीत आहे."

"अजूनही. आज तिथे बसलो तेव्हाही."

"तेही दिसलं." अक्षदाने घोट घेतला. "मी पहिल्यांदा स्टेशनला आले तेव्हा मी पण जळायचे तुझ्यावर. तू नुसता आवाज ऐकून सांगायचास, कुठल्या ट्रान्सफॉर्मरचं काय बिघडलंय. मी घरी जाऊन रडायचे. आईला सांगायचे, तो माणूस मला मूर्ख समजतो."

"मी? मी तर तुझ्यावर..." लवू थांबला.

"हां, ते नंतर कळलं," अक्षदा म्हणाली. मग ग्लास फिरवत, "टपरीवर तू काय बोललास ते पण कळलं होतं मला. लेडीज म्हणून घेतलं."

लवूने ग्लास खाली ठेवला. "चूक झाली."

"ते तिथे जाऊन बोल. मला नको."

तो दुसऱ्या दिवशी गेला आणि बोलला. टपरीवरचे पुन्हा हसले, या वेळी त्याला. ते हसणं पचवायला त्याला बरेच दिवस लागले.

तीन महिने संपले तेव्हा स्टेशनवर परत ये म्हणून बोलावणं आलं. लवूने केबलच्या टोळीतच राहू द्या म्हणून अर्ज केला. शेवंतीला ते पटलं नाही. "सावलीतली नोकरी सोडून उन्हात खड्डे खणूक जातास?" पण लवू गेला. तिथे त्याला ऑर्डर देणारा डेस्क अक्षदाच्या रूममध्येच नव्हता, हेही एक कारण होतं, आणि ते त्याने कुणापासून लपवलं नाही.

पुढचा मे मागच्या ऑक्टोबरपेक्षा तापला. एका रविवारी अक्षदाला जादा ड्यूटीवर बोलावलं. लवूने तिला स्कूटरवर दादरला सोडलं. उतरताना त्याने विचारलं, "आज लोड किती जाईल?"

तिने आभाळाकडे बघून एक आकडा सांगितला.

"शक्यच नाही," लवू म्हणाला. "रविवार आहे. ऑफिसं बंद. बराच कमी जाईल."

"लावतोस?"

"लावतो. हरणाऱ्याने आठवडाभर भांडी."

संध्याकाळी ती आली ती बोटं नाचवतच. आकडा तिचाच निघाला होता. रूममध्येही तिने तो आधीच सांगून ठेवला होता, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, डॅरेननेही. लवूने बाह्या सरसावल्या आणि मोरीत जाऊन बसला. कढई घासताना त्याला ती ओळखीची कळ पुन्हा आली, पोटात, बरगडीच्या जरा खाली. त्याने नळ मोठा केला. मागून मनू ओरडली, "बाबा, चमचे राहिले!"

"दिसतायत मला," लवू खेकसला. आणि चमचे पुढ्यात ओढून एकेक घासायला लागला.